यांचे डोळे, माझी पेन्सिल

५ डिसेंबर

आज सूर्य बागेत यायला दुपार उजाडली! हिवाळ्यात याची ही अशी थेरं – शेजारच्या भिंतीवरून जेमतेम डोकं काढायचं, तोंड दाखवल्यासारखं करायचं आणि निघायचं. आम्ही मात्र सकाळपासून जय्यत तयार. हे कानटोपीत, मी दोन शालींत. दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघायचा नसतो, डोळे जातात. मागे पांढरा कागद धरायचा, त्यावर सूर्य उतरतो – बशीएवढा. दुर्बीण हे हलवणार, कागदावर पेन्सिल मी चालवणार. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस आणि जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली बाई, म्हातारपणी दुसरं करणार काय!

म्हणाले, कडेला दोन डाग आहेत, काढ. मला एकही दिसेना. म्हटलं, आधी चष्मा पुसा. पुसला. तरी दोनच! बरं बाबा, तुमच्या समाधानासाठी घ्या दोन ठिपके. मग तोंड फिरवून दुर्बीण आवरायला लागले. खरं सांगितलेलं कुणाला आवडतं?

७ डिसेंबर

ढग. बादली ऐन वाटेत ठेवली होती यांनी. मी धडपडले, गुडघा फुटला. म्हणे, रोजच्याच जागी आहे. रोजची जागा म्हणे! मी तोंड सोडलं ते सोडलंच. औषध मात्र स्वतः लावलं त्यांनी, फुंकर घालत. राग टिकू देत नाही हा माणूस.

८ डिसेंबर

चहा कपात पडायचा तो टेबलावर. कप यांनी सरकवला असणार. लगेच फडकं घेऊन पुसायला लागले. म्हणजे कबूल!

पण मनात पाल चुकचुकते आहे. नसलेले डाग काय, भलतीकडे बादली काय, कप काय. यांच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय.

११ डिसेंबर

झोपण्याआधी हे लिहून ठेवायलाच हवं.

दिवेलागणीला अर्धा चंद्र थेट डोक्यावर. सूर्य जितका आळशी तितका हिवाळ्यातला चंद्र उत्साही! दुर्बिणीच्या तोंडावरची काळी टोपी नेहमी मी काढते. आज हे म्हणाले, राहू दे, मी बघतो. तयारी झाल्यावर मला विचारलं, सगळं नीट आहे ना, बघ एकदा. मी बघितलं, म्हटलं आहे की. मग डोळा लावला आणि सांगायला लागले – उजेड संपतो तिथे खड्ड्यांची रांग, मधल्या खड्ड्यात काळीभोर सावली, तिच्यातून डोंगराचं एक टोक लखलखतंय. मी काढत गेले. इतकं सुंदर आजवर सांगितलं नव्हतं त्यांनी. चित्रही झकास उतरलं.

आवरताना नळीवर फडकं घालायला गेले आणि हाताला टोपी लागली.

टोपी काढलेलीच नव्हती! समोर मिट्ट काळोख होता आणि हे मला चंद्र सांगत होते. पाठ असलेला चंद्र.

मी वळले तर माझ्याकडेच टक लावून बघत होते. कसलं बघणं म्हणा. मी टोपीवरच फडकं घातलं आणि म्हटलं, चला, गारठा वाढला.

१२ डिसेंबर

यांचे डोळे गेले तर? घड्याळं गेलीच आहेत, बोटं कापतात म्हणून. चंद्र-सूर्यावर हा माणूस उभा आहे. तेही गेले तर खुर्चीत बसून राहतील नि एक दिवस नुसते बसलेलेच असतील. मला काही सांगितलंही नाही. मला दुःख नको म्हणून काळोखातून चंद्र काढून देत होते! रागवावं की कुशीत घ्यावं कळत नाही.

१३ डिसेंबर

मुलीला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि नाक ओढलं. मला वाटलं, रडतेय. मग म्हणाली, "आई, बाबांना थेट सांगू नकोस. तुझे डोळे दाखवायचेत म्हण आणि सोबत ने." पोरगी हुशार. माझ्यावर गेलीय.

१५ डिसेंबर

म्हटलं, अहो, मला हल्ली अंधुक दिसतं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येता का सोबत? एका पायावर तयार, उद्याच जाऊ म्हणाले! हो म्हणायला इतका उत्साह लग्नाच्या वेळीही नव्हता. उद्याचे कपडे काढून ठेवलेत, इस्त्रीसुद्धा केली. बिचारे. आतून किती घाबरले असतील. तिथे गेल्यावर हळूच म्हणायचं, आलोच आहोत तर तुमचेही दाखवून घेऊ.

काहीही निघालं तरी मी खंबीर राहायचं, ठरवलंय. बघण्याचं काम मी करीन, सांगायचंही मीच. माझी नजर अजून शाबूत आहे, ती दोघांना पुरेल.

१६ डिसेंबर

यांचे डोळे ठणठणीत. काचबिंदू मला आहे, दोन्ही डोळ्यांत. कडेचं बरंचसं दिसणं गेलंय, ते परत येणार नाही. आहे तेवढं औषधाच्या थेंबांवर राखता येईल.

आजची वेळ माझ्याच नावाने आधीपासून घेतलेली होती – यांनी. मुलीलाही माझ्या आधी यांचा फोन.

म्हणाले, "चित्रकलेच्या बाईंना कसं सांगायचं, तुम्हाला दिसत नाही म्हणून? टोपी तशीच ठेवली. वाटलं, बघशील आणि माझ्यावर ओरडशील. तू चंद्र काढत बसलीस गं."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर यांनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला नाही.