तळव्यावरचं नाव

६ जानेवारी

चि. खुसपट हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू बोलताना गिळतेस, म्हणून पत्र. परवा शनिवारीच तुमच्या मासिकाच्या कचेरीत आमच्या कारखान्याचं खोकं पोचलं असेल. आत ती अंतराळतळावरची दुरुस्तीवाली आहे, तुझ्या आवडत्या मालिकेतली. उंची फूटभर, हलणारे सांधे अठ्ठावीस. पहिला नमुना मी कोरला, पाच महिने लागले. त्या नमुन्यावरून साचे झाले आणि साच्यांतून दोन हजार नग.

मार्चअखेर मी निवृत्त होतोय, हे तुला ठाऊक आहे. चौतीस वर्षांत इथल्या एकाही खेळण्यावर कोरणाऱ्याचं नाव पडलेलं नाही. या खेपेला धीर करून साहेबांना विचारलं. ते म्हणाले, पहिला लॉट असाच जाईल. पण तुमच्या मासिकात परीक्षण चांगलं आलं, तर दुसऱ्या लॉटपासून डाव्या पायाच्या तळव्यावर माझं नाव घालू. हे तुला सांगायला नको होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

आता सांगितलंय म्हणून भाचीच्या डोळ्यांनी बघू नकोस. दीड वर्षाची असताना खुळखुळा फोडून आतले मणी मोजणारी पोरगी तू, तेच डोळे लाव. मीच तुला शिकवलंय की खेळणं हातात घेऊन कळत नाही, फळीवर आठ दिवस उभं करून कळतं.

लोभ असू दे, पण परीक्षणात नको.
तुझा मामा

१९ जानेवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

खोकं मिळालं. संपादकबाईंना आधीच सांगून टाकलं की ही माझ्या मामाने कोरली आहे, दुसऱ्या कोणाला द्या. त्या म्हणाल्या की मामाला सोडणारी तू नव्हेस, तूच लिही, फक्त नातं छापून टाक. तेव्हा लिहितेय.

मामा, काय काम केलंयस रे! एकाच हातात मोजा, दुसऱ्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग, कानामागे खोचलेला स्क्रूड्रायव्हर. उजव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली. चेहरा तर असा की समोर अख्खं यान मोडून पडलं तरी ही आधी बाह्या सरसावेल. कचेरीतले सगळे येऊन बघून गेले. आमचा छायाचित्रकार कधी कशाला चांगलं म्हणत नाही, त्यानेही न सांगता दोन फोटो जास्त काढले. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप.

आता वाईट. सहाव्या दिवशी मी टेबलाशी चहा ओतत होते आणि ती फळीवरून तोंडावर आपटली. उचलून उभी केली, आठव्या दिवशी पुन्हा तेच. डावा गुडघा हळूहळू बसत जातो, उजवा पक्का आहे. एखादा नग तसा निघतो म्हणून दुकानातून आणखी दोन आणले. एक पाचव्या दिवशी पडली, दुसरी आजच सकाळी.

अठ्ठावीस तारखेला मजकूर छपाईला जातो. काही कारण असेल तर त्याआधी कळव. मला जेवण गोड लागत नाहीये.

लोभ आहेच, तो या पत्रामुळे आटू नये ही विनंती.
तुझी खुसपट

२२ जानेवारी

चि. खुसपट हिस आशीर्वाद.

तुझ्या कचेरीची फळी कलती असणार. पाणसळ लावून बघ. आणि ज्या इमारतीत खाली छपाईयंत्रं धडधडतात, तिथे मीसुद्धा आठ दिवस उभा राहणार नाही.

माझी वही समोर उघडी आहे. गुडघ्याची खुंटी, डावी सहा मिलीमीटर, उजवी सहा मिलीमीटर. पट्टीने नाही, कॅलिपरने मोजलेली आहे. तारीख, वेळ, सगळं लिहिलंय. चौतीस वर्षांत माझा सांधा ढिला म्हणून एक नग परत आलेला नाही. तू काय लिहायचं ते लिही, तुझं काम आहे. मी काही बोलणार नाही.

लोभाचं नंतर बघू.
मामा

२४ जानेवारी

चि. खुसपट हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मामाने फोन केला होता. पाऊण तास तो बोलला आणि मी हं हं केलं. मग तू काय लिहिलंस ते कळलं. बाई गं, एका बाहुलीपायी घरात हे काय चालवलंयस? तू म्हणशील बाहुली नाही, फिगर आहे. असेल. पण माझ्या भावाच्या कामाला नावं ठेवू नकोस. दोन महिन्यांनी तो घरी बसणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या हातात खेळणी दिली, याचं नाव कोणाला ठाऊक नाही. तू एक ओळ गाळलीस तर कुठे आभाळ कोसळणार आहे?

आता तूही त्याच्यासारखीच हट्टी, दुधात साखर. त्याचं सगळं असंच. चौदा वर्षांचा असताना माझ्यासाठी स्टूल केलं. छान झालं होतं. पण आमच्या आबांची शिकवण ना, काम झालं की वरून एक हात आणखी! म्हणून हा सगळं मोजून झाल्यावर पुन्हा पॉलिश पेपर घेऊन बसला, तो एका पायाला घासतच राहिला. अजून ते स्टूल डुगडुगतं. पायाखाली कागदाची घडी घालते, पण टाकवत नाही.

जेवणाच्या वेळा पाळ. पत्राचं उत्तर नको, शहाणपणाने वाग, तेच उत्तर समजेन.
आई

२६ जानेवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

पाणसळ लावली. फळी सरळ आहे. छपाईयंत्रं रविवारी बंद असतात आणि दुकानातली दुसरी रविवारीच पडली. तेव्हा अंगण वाकडं नाही, मामा.

आईचं पत्र आलं. तिने तुझी बाजू घेतली आणि न कळत तुलाच पकडून दिलं. एकच विचारते, आणि स्वतःशी खरं बोल. वहीत सहा मिलीमीटर लिहिल्यानंतर तू डाव्या गुडघ्याला ‘एक हात आणखी’ दिलास का? मग उजव्याला का नाही दिलास, ते काही मला उमगलेलं नाही.

परीक्षण आज देतेय. तुला छापील अंकात कळायला नको, म्हणून शेवटचा भाग इथे उतरवते:

‘कोरीव कामाला दहापैकी दहा. उभं राहण्याला दहापैकी तीन. जन्मभर इतरांची यानं दुरुस्त करणाऱ्या बाईला गुडघेदुखी शोभत नाही. कारखान्याने डावा सांधा सुधारावा, तोवर घेऊ नका. ही कोरणारा माझा मामा आहे, हे वाचकांना सांगायला हवं. त्याचं नाव मात्र मी सांगणार नाही. ते तिच्या तळव्यावर असायला हवं होतं, आणि तिथे नाही. चूक झाली तर नावं ठेवायची, मग ज्याला ठेवायची त्याचं नाव नको?’

गुडघ्याची ओळ मी गाळू शकले असते. रडत रडत ठेवली आहे. तू शिकवलेलं तुझ्याच बाबतीत विसरले असते, तर माझ्या बाकीच्या परीक्षणांना काय किंमत उरली असती?

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव. माझा काही कमी व्हायचा नाही.
खुसपट

२० फेब्रुवारी

चि. खुसपट हिस अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे तुला उत्तर दिलं नाही. रागावलो होतो, लपवत नाही. पहिले चार दिवस तुझ्यावर, मग तुझ्या आईवर, ते स्टूल तिने काढलंच कशाला म्हणून. मग रागवायला कोणी उरलं नाही, तेव्हा पाचव्या दिवशी कपाटातून मूळ नमुना काढला आणि डावी खुंटी कॅलिपरमध्ये धरली. पाच पूर्णांक सात.

सगळं आठवलं. वही लिहून झाली होती, डबा आवरला होता. वाटलं, वरून एक हात देऊ. डाव्या खुंटीला दिला. उजवीला पेपर लावणार, तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला की भाचीचा फोन आहे. तू ओरडत होतीस, मासिकात परीक्षणाचं पान मिळालं म्हणून. मला निम्मंच ऐकू आलं, पण आनंद पुरता कळला. परत आलो तो विसरूनच गेलो. तेव्हा तिचा उजवा गुडघा शाबूत आहे तो तुझ्या आरड्याओरड्याने. तुला नेमका तासभर आधी फोन करायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी नमुना आणि कॅलिपर दोन्ही घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. म्हटलं, साच्याचा दोष नाही, ओतणाऱ्यांचा नाही, माझा आहे. त्यांनी खुंटी स्वतः मोजून बघितली. मग म्हणाले की मामा, आता नावाचं विसरा. मी म्हटलं नावाचं राहू द्या, पण गुडघा मीच करणार आणि मार्चच्या आत करणार. रोज एक तास जास्त थांबतोय. नवी खुंटी झाली, साचा होतोय. पहिल्या लॉटच्या सगळ्यांना नवा पाय पाठवणार आहेत. पॉलिश पेपर मी कुलपात ठेवलाय आणि किल्ली शेजारच्या रंगवणारणीकडे दिलीय.

लोभ पहिल्याइतकाच आहे, कॅलिपरने मोजून लिहितोय.
मामा

२ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

पाच पूर्णांक सात वाचून मी खुर्चीत बसून हसले आणि मग डोळे पुसले. वहीत न लिहिलेलं तू साहेबांना जाऊन सांगितलंस, हे मला दहापैकी किती वाटतं ते विचारू नकोस.

इकडे भलतंच झालंय. अंक निघाल्यापासून वाचकांची पत्रं येताहेत. गुडघ्याबद्दल चार-पाच. बाकी सगळ्यांचं एकच, मामांचं नाव काय? एका बाईंनी लिहिलंय की पाय बदलून आला नाही तरी चालेल, पण नाव कळवा. मी कोणाला कळवलेलं नाही. संपादकबाईंनी सगळी पत्रं एका मोठ्या पाकिटात घालून तुमच्या साहेबांना पाठवली आहेत. मी फक्त पत्ता लिहिला. अक्षर माझं आहे, ते त्यांना ओळखू यायचं कारण नाही.

लोभाला वरून एक हात आणखी द्यावा.
खुसपट

३१ मार्च

चि. खुसपट हिस अनेक आशीर्वाद.

आज शेवटचा दिवस. टेबल रिकामं केलं, कोरण्या कापडात गुंडाळल्या. सोबतच्या खोक्यात दुसऱ्या लॉटचा पहिला नग आहे. माझ्या फळीवर सोळा दिवस उभी होती, हलली नाही. तरी तू आपली आठ दिवस उभी कर. सवलत नको.

तुमचं पाकीट पोचलं त्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं आणि पत्रं पुढ्यात टाकली. म्हणाले की तुमच्या भाचीचं बरोबर आहे, पुढच्या वेळी शिव्या कोणाला घालायच्या हे लोकांना कळलं पाहिजे. मी विचारलं, म्हणजे? त्यांनी फक्त टेबलावरच्या नमुन्याच्या तळव्याकडे बोट केलं.

खुसपटे, चौतीस वर्षं माझ्या कामाला कोणी नावं ठेवली नाहीत, याचा मला अभिमान होता. आता कळतंय, ठेवणार कशी? नावच कोणाला माहीत नव्हतं. तू पहिली. नावं ठेवलीस आणि नाव ठेवलंस.

तुझ्या आईला दाखवलं. तिने तळव्यावरून तीनदा बोट फिरवलं आणि स्टुलाचा पाय कधी नीट करतोस म्हणून विचारलं. उद्यापासून तेच काम.

सही हाताने करत नाही. तिचा डावा तळवा शाईत बुडवून खाली उठवलाय. नाव उलटं उमटलंय, तेव्हा आरशासमोर धरून वाच. शाईचा डाग तिच्या पायाला राहिलाय. पुसायला गेलो होतो, पण हात आवरला.