‘दार लाव’मधल्या आईची वाटणी

१६ जुलै २०२५, बुधवार
बुकित बातोक, सिंगापूर

एप्रिलनंतर या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आधी तालमी हे कारण होतं. गळ्यातली गाठ कळल्यावर ती सबब झाली. आज लिहिते आहे तो मृत्युपत्राचा खर्डा. सह्या शुक्रवारच्या आत व्हायला हव्यात.

मी, मधुवंती प्रबोध सरपोतदार, वय सेहेचाळीस, हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत नोकरीला, हे शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाशिवाय लिहिते. मन स्थिर आहे असंही लिहायचं असतं. तेवढं छातीठोक लिहवत नाही. शुक्रवारी थायरॉइडची शस्त्रक्रिया आहे. जिवाला धोका थोडा, पण आवाजाची नस गाठीला चिकटली आहे, असं डॉक्टर म्हणाले. पहिलं ऐकून मी मान डोलावली. दुसरं ऐकून पाणी मागितलं.

१. फ्लॅट दोघांच्या नावे आहे, तो आपोआप प्रबोधचा. सीपीएफचं, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचं, नॉमिनेशन वेगळं केलेलं आहे. माझ्या खात्यातलं जे असेल ते आमच्या लेकीचं, जाईचं. तिने काय शिकावं हे मी सांगणार नाही. (सांगितलं होतं, खोडलं.)

२. आजीची नथही जाईची. रॉकच्या गाण्यात घालू नये, ओठाला लागते. मला लागली आहे.

३. अँप आणि माइक अभयला. अभय आमच्या कॉलेजच्या बँडचा गिटारवाला, आता पाया लेबारला बँकेत. माइक हातात घेऊन त्याने नाटकाबद्दल बोलू नये.

४. ‘दार लाव’ची संहिता आणि आईची भूमिका. मी जगले पण गाऊ शकले नाही, तरी हे कलम लागू समजावं. कायद्यात बसत नसेल तर घरात बसवावं.

बँडची जुनी गाणी ओवून मी हे नाटक लिहिलं: आई, मुलगी आणि मधलं दार. सध्या आई मी, मुलगी जाई. पुढचा प्रयोग गणपतीत आहे. संध्याकाळपर्यंत या कलमात अभयचं नाव होतं. तो म्हणतो, “मधू, लोक गाणी ऐकायला येतात गं. बोलणं काप, सगळ्यांना ओळीत माइक दे, झालं.” म्हणजे नाटक गेलं.

दुसरं नाव सुलेखाचं. ती पुढच्या ब्लॉकमधली, नाट्यसंगीत शिकलेली. पहिल्या प्रयोगात आई तीच होती. भांडणाच्या गाण्यावर जाई दार आपटून गेली, हॉलमधून वन्समोअर आला, आणि सुलेखा पुढे येऊन, हात जोडून, सगळं पुन्हा गायली. जाईला परत आत येऊन परत दार आपटावं लागलं. लोक हसले. नंतर सुलेखा मलाच म्हणाली, “मागितला तर द्यायचा, अशी रीत आहे. प्रेक्षकांना नाही म्हणायचं?” त्यानंतर आई मी झाले.

याच सुलेखाला मी साक्षीला बोलावलं आहे. इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. शेजारीण म्हणून बोलावलं, की तिला काही मिळू नये म्हणूनच बोलावलं? दिवसभर स्वतःला विचारते आहे.

आज संध्याकाळी तालमीत भांडणाच्या गाण्याच्या पहिल्याच कडव्यात माझा आवाज बसला. कोरसमधून सुलेखा न विचारता पुढे आली. मला वाटलं, आता ही रिकाम्या खुर्च्यांकडे वळणार. वळली नाही. जाईचं मनगट धरून तिच्याच तोंडावर गायली. ना तान, ना हरकत. वरचा स्वर फाटला तो फाटू दिला. जाईने दार आपटायचं होतं. ती कडीवर हात ठेवून उभीच राहिली.

“जायचं होतं ना गं?” मी विचारलं.

“कसं जाणार ला,” जाई इथला ‘ला’ जोडून म्हणाली. “सुलेखामावशी खरंच रागावली होती.”

सुलेखा घाम पुसत मला म्हणाली, “कोणी वन्समोअर ओरडलं तरी थांबणार नाही आता. तू ओरडलीस तर मात्र बघेन.”

म्हणून अभयचं नाव खोडून संहिता आणि भूमिका सुलेखाला देते. अटी: गाणं सुरू झालं म्हणून भांडण थांबू नये. गाणं समोरच्या माणसाला म्हणावं, हॉलला नाही. कोरसचा नाच मोजलेल्या पावलांचा नको. कपड्यांच्या घड्या घालताना, भांडी आदळताना अंग जसं हलतं तसा हवा. दार एकदाच आपटावं.

अटी जास्त झाल्या का? शेवटची तेवढी पाळावी.

ठिकाण: सिंगापूर
सही: साक्षीदारांसमोर करायची आहे
साक्षीदार: १. रवींद्र (ऑफिस) २. सुलेखा (खोडलं) स्मिता (ऑफिस)

उद्या: सुलेखाला फोन. साक्षीला येऊ नकोस, आणि का ते.