चार मिनिटं स्तब्ध

अल थुमामा, दोहा
१८ जानेवारी २०२५

ती. सौ. पुष्पाताईस,
विजयकुमारचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कागदावर लिहायचं, मोबाइलने त्याचा फोटो काढायचा आणि पाठवायचा, ही आपली निमटपाली पद्धत तुझ्या भावजयीला, निशिगंधाला, अजून पटत नाही. बहीण-भाऊ सरळ फोनवर का बोलत नाहीत, असं तिने पुन्हा विचारलं. फोनवर ताई मला बोलू देत नाही, असं मी खरं ते सांगितलं.

काल शुक्रवारची सुट्टी. उजाडता उजाडता आर्याला घेऊन अल खोरच्या पुढे किनाऱ्यावर गेलो होतो. फोटो मेलने वेगळा पाठवलाय. दुकानात फ्रेम करायला येणाऱ्यांपैकी कुणी तरी समुद्र मागत होतं ना, त्याला दाखव. कृती तुला ठाऊक आहे. भिंगापुढे काळी काच लावली की भर उजेडातही कॅमेऱ्याचा पडदा चार मिनिटं उघडा ठेवता येतो. तेवढ्या वेळात जे हलेल त्याचं धुकं होतं, जे हलणार नाही ते जसंच्या तसं उमटतं. लाटांचं कसं दूध झालंय बघ.

मधल्या खडकावर खांबासारखा उभा स्थाणू म्हणजे मी. नुसता समुद्र खपत नाही, त्यात एक माणूस लागतो, हे तुझंच व्यापारी मत. संस्कृत घेऊन बी.ए. झाल्याचा अखेर उपयोग झाला. समाधीची लक्षणं पाठ आहेत. आर्या कॅमेऱ्यामागून इंग्रजीत बजावत होती, की बाबा, श्वाससुद्धा घेऊ नका. बारावीतल्या मुलीने बापाला हे सांगावं आणि त्याला कला म्हणावं!

बंदरावर ठीक. मी चाळीस मीटर उंच क्रेनच्या केबिनमध्ये, पायाखाली काच, काचेखाली जहाज आणि धक्का. जहाजातून कंटेनर उचलायचा, धक्क्यावर आणून कमरेइतक्या उंचीवर अधांतरी थांबवायचा. मग मुकादम अब्बासची चार माणसं चार कोपऱ्यांना येऊन खालची लोखंडी कुलपं काढतात. ती बाजूला झाली की कंटेनर ट्रेलरवर. वॉकीटॉकीवर अब्बासचं दिवसभर यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला. उच्चार घोटून घेणारे आपले बाबा असते तर म्हणाले असते, याचे तरी उच्चार स्पष्ट आहेत.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो दुकानातल्या काचांसारखा अधूनमधून पुसत राहावा.

तुझा,
विजय

---

मिरज
२९ जानेवारी २०२५

चि. विजयकुमार यास,
पुष्पाताईचे अ. उ. आ.

फोटो वीस बाय तीस इंचांवर छापून घेतला. गिऱ्हाईक सांगलीचा दंतवैद्य आहे. बाहेरच्या खोलीत लावायला शांत काही तरी द्या, पेशंट उठून जातात, अशी त्याची मागणी. तुझा समुद्र त्याला पसंत पडेल. तुझ्याकडे बघून दात दुखायचे थांबतात की वाढतात, ते नंतर कळवीन.

पण गिऱ्हाइकाआधी मी तो टेबलावर पसरून बघितला. खडकाला चिकटलेले शिंपले मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. तुझे बूट स्पष्ट. पोट स्पष्ट, मोठ्या आकाराच्या छपाईचा खरा फायदा त्यालाच झालाय. डाव्या हातातली अंगठीसुद्धा दिसते. उजव्या हाताला मात्र मनगटापुढे बोटंच नाहीत. धूर आहे. सगळा देह समाधीत आणि एक पंजा कुणाचा निरोप घेत होता? माशी होती का रे?

दंतवैद्याला सांगितलं, प्रिंट बिघडली, दुसरा फोटो मागवते. ही मी ठेवून घेतलीये.

आर्याचा अभ्यास कसा चाललाय? परीक्षेच्या तोंडावर तिला खडकांवर फिरवू नकोस. उत्तर सविस्तर लिही, नाही तर आशीर्वाद परत घेईन.

पुष्पाताई

---

दोहा
१ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. पुष्पाताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी टाइप करून पाठवतोय, गोड मानून घे. आर्याने मोबाइलवर मराठी कीबोर्ड घालून दिलाय. मलाही आधुनिक होऊ दे.

माशी नव्हती. वारा होता. बाही सैल होती, ती फडफडली असणार. वायुदेवतेपुढे माझं काय चालणार? काल पुन्हा गेलो होतो, एकटाच. नवा फोटो पाठवलाय, यात मी जरा ऐटीत उभा आहे. दंतवैद्याला हाच दे.

बाकी क्षेम. लोभ कमी होऊ नये, चौकशी झाली तर चालेल.

विजय

---

मिरज
९ फेब्रुवारी २०२५

चि. विजयकुमार यास अ. उ. आ.

ऐट बघितली. उजवा हात खिशात.

तुझे आधी आलेले फोटो काल दुकान बंद करून संगणकावर मोठे करून पाहिले. ऑक्टोबरातल्या फोटोत उजव्या हाताची पाचही बोटं आहेत. डिसेंबरातल्या फोटोत बोटांना दुहेरी कडा आल्यात. जानेवारीत धूर. तिन्हींत डावा हात दगडासारखा. तुमच्याकडचा वारा एकाच हाताला लागतो का, विजू?

मग तुझी पत्रं काढली. दिवाळीतलं अक्षर बाबांनी घोटून घेतलेलं, टपोरं. नंतर प्रत्येक पत्रात ते बारीक होत गेलंय. जानेवारीतलं मी चष्म्यावर भिंग धरून वाचलं आणि तेव्हा तुला कागदाची कंजुषी सुचली असं समजून हसले. आता हसू येत नाही. त्यानंतर तू टाइप करायला लागलास.

मी फोटोंना काच लावणारी बाई. मला वैद्यकातलं कळत नाही. पण ज्याला चार मिनिटं थांबवलेला हात थांबत नाही, तो दिवसभर कंटेनर अधांतरी थांबवून धरतो, एवढं मला समजतं. कालपासून जेवण गोड लागत नाहीये. फोन केला असता, पण तुमच्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि निशिगंधा शेजारी.

काय ते खरं लिही. हाताने लिही. कसंही येऊ दे.

पुष्पाताई

---

दोहा
१४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे हाताने लिहितोय. भिंग घे.

नोव्हेंबरात सुरू झालं. मांडीवर हात नुसता ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायला लागतात. माळ नाही, देव नाही, नुसता जप. आधी वाटलं थकवा. मग वाटलं चहा. चहा सोडला, जप सुटला नाही.

पण ऐक, ताई. हात कामाला लागला की थांबतो. लिव्हर धरला की अगदी पूर्वीसारखा. फक्त रिकामा सोडला की हलतो. चौदा वर्षांत माझ्या हातून एक कंटेनर आदळलेला नाही. म्हणून मी स्वतःला पटवलंय, की कामाला याचा धोका नाही.

एप्रिलमध्ये करार वाढायचाय, त्याआधी मेडिकल. तेव्हा जे व्हायचं ते होईल. उद्यापासून आर्याच्या बोर्डाच्या परीक्षा आहेत, एप्रिलपर्यंत चालतील. क्रेनवरून उतरवलं तर नोकरी, नोकरीबरोबर व्हिसा, व्हिसाबरोबर हे घर. मुलीने पेपर लिहायचा की सामान बांधायचं? दोनच महिने दे मला. निशिगंधाला यातलं काही माहीत नाही, तिला कळवू नकोस.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून आणखी एक. मंगळवारी कंटेनर धक्क्यावर थांबवलेला होता. थांबवलेला असतो तेव्हा हाताला काम नसतं, तो लिव्हरवर नुसता टेकलेला. बोटं फिरली आणि कंटेनर वीतभर सरकला. मी लगेच सावरला. खाली कुणाला लागलं नाही. वीतभर म्हणजे काहीच नाही, असं मी तीन दिवस स्वतःला सांगतोय.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.

विजय

---

मिरज
१५ फेब्रुवारी २०२५

विजू,

मी निशिगंधाला सांगणार नाही. तुझ्या कंपनीला कळवायला माझ्याकडे पत्ता नाही, आणि असता तरी बहिणीने ते करावं असं मला वाटत नाही.

तू एकच कर. तुझ्या त्या कंटेनरखाली ज्यांचे हात जातात, त्यांच्या मुकादमाला सांग. वीतभर सरकला हे त्याला सांग, वीतभर म्हणजे काहीच नाही हेही त्याच्या तोंडावर सांग. एवढं ऐकून अब्बास म्हणाला की दोन महिने काढ, तर मीही गप्प बसेन.

मला सांगितलंस कारण मी मिरजेत आहे. माझ्या डोक्यावर काही लटकत नाही.

ताई

---

दोहा
२२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. पुष्पाताईस,
विजयकुमारचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी तुझ्यावर चिडून होतो. तुझी सगळी वाक्यं मनात खोडून बघितली. शेवटचं खोडता येईना.

गुरुवारी पाळी सुरू व्हायच्या आधी अब्बासला धक्क्यावरच्या चहाच्या खोलीत गाठलं. हिंदीत वाक्यं जुळवून नेली होती, बोलायला लागल्यावर एकही कामाला आलं नाही. हातच टेबलावर ठेवला. त्याचा जप सुरू झाला. मग वीतभर सरकल्याचं सांगितलं.

त्याने चहा संपवला आणि म्हणाला, की मला डिसेंबरापासून माहीत आहे. कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसतो. झोपेतून जागं होताना माझा हात हललेला त्याने पाहिला होता. तेव्हापासून माझा कंटेनर खाली आला, की तो मनात दहापर्यंत मोजत होता आणि मगच माणसं सोडत होता. चार एकदम नाहीत, दोन-दोन. पाय बाहेर, फक्त हात आत. काम मागे पडतं म्हणून सुपरवायझर त्याला रोज फैलावर घेत होता आणि तो माणसांच्या गुडघेदुखीची कारणं सांगत होता. त्या मंगळवारी कंटेनर सरकला तेव्हा तो आठवर होता.

मी विचारलं, की वर कळवलं का नाहीस? तो म्हणाला, घरी मुलगी परीक्षेला बसलीये हे तूच सांगितलं होतंस. तू स्वतः बोलशील याची वाट बघत होतो, पण ही वाट बघणं मला झेपत नव्हतं. एवढं बोलून त्याने माझा हलता हात आपल्या हाताखाली धरून ठेवला.

चौदा वर्षांचा माझा तोरा, ताई. शेवटचे दोन महिने तो माझ्या हातावर उभा नव्हता. त्या माणसाच्या दहापर्यंत मोजण्यावर उभा होता.

क्रेनवर चढलो नाही. मेडिकलच्या खोलीत गेलो. डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं टेकवायला लावली, नाव लिहायला लावलं. क्रेनचा पास तिथेच जमा केला. मेंदूच्या डॉक्टरांकडे सोमवारी जायचंय. कोणत्या रोगाचा संशय आहे ते त्यांनी सांगितलं. सोमवारी नक्की झाल्यावरच तो शब्द लिहीन. ऑफिसात जमिनीवरचं काही काम मिळेल का विचारलं, तर इन्शाल्ला म्हणाले. इथे त्या शब्दाचे दहा अर्थ लागतात. मी चांगला तेवढा धरून बसलोय. भीती आहेच. पहाटे जाग येते आणि पहिल्यांदा हाताकडे लक्ष जातं.

निशिगंधाला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती आधी रडली, मग तुला आधी कळलं म्हणून संतापली. फोन करणार आहे. कानापासून जरा लांब धर. आर्याला परीक्षा संपल्यावर सांगू म्हणालो, तर या घरात आता कुणी कुणाला नंतर सांगणार नाही, असं निशिगंधाने बजावलं. आर्याने मला मिठी मारली आणि पहिल्यांदाच आख्खं वाक्य मराठीत बोलली. काय बोलली ते मला लिहिता येत नाही.

मेडिकलच्या खोलीतून निघालो तेव्हा माझ्या क्रेनवर दुसरा ऑपरेटर चढला होता. मी धक्क्याच्या कडेला, पिवळ्या रेघेबाहेर उभा राहिलो. पहिला कंटेनर खाली आला आणि थांबला. अब्बासने काही न मोजता लगेच हात केला. चौघंही एकदम, हसत-बोलत पुढे गेले.

लोभ राहू दे. आता मला तो थोडा जास्त लागेल.

तुझा,
विजय