पाण्यावर तरंगलेली पाच अंडी

३ मार्च
आज लेकीकडे राहायला आलो. सामान म्हणजे एक ट्रंक, एक पिशवी आणि ही वही. हिची आई गेल्यापासून तिकडचं घर खायला उठायचं. जावई म्हणाले, बाबा, आता पाहुण्यासारखं येणं पुरे, कायमचेच या. खोली छान आहे, खिडकी परसात उघडते. लेकीला आठवा महिना आहे. याआधी दोनदा हाताशी आलेलं गेलं, म्हणून घरात सगळे आवाजसुद्धा बेतानं करतात. मी तर कपबशीही दोन हातांनी खाली ठेवतो.

परसातल्या भिंतीवर शेजारच्या सुतारानं एक लाकडी पेटी ठोकून दिली आहे. तिचं झाकण उघडतं. आत चिमणीनं घरटं केलंय. लेकीला स्टुलावर चढायची बंदी, म्हणून तिनं मला चढवलं. एक अंडं होतं, राखाडी, तपकिरी ठिपक्यांचं. सांगितल्यावर तिनं लहानपणीसारख्या टाळ्या पिटल्या. किती दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

७ मार्च
रोज एक, अशी पाच झाली. लेक म्हणाली, बाबा, ही फुटली की माझंही सुखरूप होणार बघा. मी म्हटलं, अगं, असं कशाला कशाचं बांधतेस? तर म्हणाली, मग कशाला बांधू, तुम्हीच सांगा. शिक्षण चौथीपर्यंत. अशा प्रश्नांची उत्तरं मला कधीच आली नाहीत.

१३ मार्च
दिवसातून चारदा परसात जातो. सुतार भिंतीवरून म्हणाला, आजोबा, अंडी चिमणी उबवतेय की तुम्ही? चांगला माणूस आहे, पण त्याला चेष्टाच सुचते. किती दिवस लागतात विचारलं. बारा-तेरा, म्हणाला. पंधरा उलटले तर नासली समजायचं आणि काढून टाकायचं, नाहीतर मुंग्या लागतात. मी तीन तारखेपासून मोजतोय. आज अकरावा.

१७ मार्च
पंधरावा दिवस. काही नाही. लेक सकाळी चहाच्या आधी विचारते, काय बातमी? आज म्हटलं, अजून झोपलीत. तिचा चेहरा उतरला. पेटीत मुंग्या लागलेल्या तिनं पाहिल्या तर? काय मनात घेईल?

१८ मार्च
दुपारी दोघं तपासणीला गेली. मी झाकण उघडलं. चिमणी घरट्यावर नव्हती, म्हणजे तिनंही आशा सोडली. अंडी कोमट लागली. उन्हानं असतील. हिची आई नासकी अंडी पाण्यात घालून ओळखायची. तरंगलं की फेकायचं. स्वयंपाकघरात पातेल्यात घातली. पाचही तरंगली. एक जरासं डुललं. वाऱ्यानं असेल. खिडकी बंद होती.

पेरूच्या झाडाखाली पुरून आलो.

दोघं हसत परतली. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. लेकीनं दारातूनच विचारलं. मी म्हटलं, निघाली गं, पाचही निघाली, पण दोन-चार दिवस तिकडे फिरकू नकोस, चिमणी बिचकते. ती माझ्या गळ्यात पडली. दोन घास जास्त जेवली.

बाप एवढं खोटं बोलला तर काय बिघडतं?

१९ मार्च
सकाळी लेक खिडकीशी. म्हणाली, बाबा, ऐका, चिवचिवतायत. पेटीत चिमणी रिकाम्या घरट्यावर छाती टेकून बसली आहे. पण आवाज मलाही आला. पेटीकडून नाही.

सुताराला आडून विचारलं. तो म्हणाला, चिमणी शेवटचं अंडं झालं की मगच बसते हो, दिवस तिथून मोजायचे. आणि तरंगण्याचं? तर म्हणे, फुटायला आलेलं अंडंही तरंगतं, आत हवा भरते. जिवंत असलं तर डुलतंसुद्धा.

सातपासून अठरा. बारावाच दिवस होता.

उकरलं. चार अखंड. पाचव्याला भोक. काल नव्हतं. भोकात चोच. चोचीत माती.

पुन्हा झाकलं. माझ्याच हातांनी. घरात आलो तरी चिवचिव थांबली नाही—

२० मार्च
लेक म्हणते, परवा तपासून घरी आल्यापासून पोटात हालचाल नाही. आम्ही घाबरू म्हणून बोलली नव्हती. दवाखान्यात नेली. ठोके लागत नाहीत. उद्या दाखल करायचं.

जावई जिन्यात बसून रडले. ती रडली नाही. मला विचारलं, बाबा, पाचही निघाली ना? तुम्ही नीट पाहिलंत ना?

हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हटलं.

२१ मार्च, सकाळ
गाडी यायची आहे. लेक हसतेय. म्हणते, डॉक्टर चुकले, जाग आली त्याला. लाथ मारत नाही, टकटक करतंय. जावई म्हणाले, मनाचे खेळ.

मी सगळं सांगायला गेलो होतो. पेरूखालचं सगळं. तोंड उघडायच्या आत तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला—

टक. टक. आतून. एका जागी. मग दुसऱ्या— मग—

लाथ नव्हती ती. हिच्या आईच्या पोटावर हात ठेवलाय मी, मला लाथ कळते.

म्हणते, बाबा, सांगा ना यांना, आहे म्हणून. मला नाही न्यायचं तिथं. तुम्ही म्हणालात तर ऐकतील. जावई माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खोलीत पळून आलो. हो म्हटलं तर पोरगी घरीच राहील— आणि हातची जाईल. नाही म्हटलं तर—

हाक मारतेय. बाबा, लवकर या, बाहेर यायला बघतंय. म्हणते, एकटं नाहीये—

गाडी आली. जातो. या वेळी खोटं नाही. तिला धरून बसतो आणि सां—