बॉस म्हण

प्रिय क्लिफ,

तुझी बायको डोरीन म्हणते, तुला हल्ली वाचता येत नाही. म्हणूनच लिहायचा धीर झाला.

नऊ वर्षं आपण दोघं भाऊ एकाच फुटबॉल संघात बचावाला खेळलो. मग क्लबने मला मॅनेजर केलं आणि पहिल्याच दिवशी मी तुला बाजूला घेतलं. "पोरांसमोर मला अर्नी म्हणू नकोस. बॉस म्हण."

"घरीसुद्धा का रे?"

"सवय लागेपर्यंत घरीसुद्धा."

आईच्या मयतालाही तू मला बॉसच म्हणालास. मला वाटलं, चिडवतोयस.

पुढे तुझं डोकं दुखायला लागलं. "बॉस, चेंडू डोक्यावर घेऊन हेडर मारला की डोळ्यांपुढे अंधारी येते," म्हणालास. मी म्हटलं, "मग डोळे मिटून मार." सगळी पोरं हसली, तूही हसलास आणि शनिवारी खेळलास. त्यानंतर दोन वर्षं मी तुला एकाही सामन्यात बाहेर बसवलं नाही. आपला संघ लीगच्या वरच्या विभागात गेला. पेपरात फोटो माझा आला.

काल तुझ्याकडे आलो होतो. डोरीन म्हणाली, "क्लिफ, बघ, तुझा भाऊ आलाय."

"मला भाऊ नाही," तू म्हणालास. मग माझ्याकडे नीट पाहिलंस, खुर्चीचा हात धरून धडपडत उठलास आणि ताठ उभा राहिलास.

"डोकं अगदी ठीक आहे, बॉस. मला बाहेर बसवू नका."

तुझा भाऊच,
अर्नी