इंजिनाला थंड हवा

८ जानेवारी १९३५, मंगळवार
आजपासून लिहायचे ठरवले. लॉरीच्या सुधारणेची नोंद राहावी, दुसरे कारण नाही.
सकाळी भाकरी खाता खाता सदा म्हणाला, होळीपर्यंत शेठचे मीठ वाहायचे काम आपल्या लॉरीला मिळाले तर ठीक, नाहीतर तो बायकोला, केसरला, घेऊन मुंबईला गोदीत कामाला जाणार. अगदी शांतपणे म्हणाला. तीन मुलांत हा एकटा उरला. दोघे तापाच्या साथीत गेले. म्हणून काही मी घाबरलो नाही. लॉरीला पॉवर आली की प्रश्न मिटला. सध्या भरलेली लॉरी मोरा बंदराकडच्या चढावर धापा टाकते आणि बैलगाडीवाले बाजूने पुढे जाताना माझ्याकडे काडेपेटी मागतात.

११ जानेवारी
दोष सापडला. मोरा बंदरावर लाँचचा इंजिनवाला भेटला. तो म्हणाला, इंजिनाला हवा लागते, आणि हवा जितकी थंड तितका जोर जास्त. आपले इंजिन बॉनेटखालची स्वतःचीच तापलेली हवा ओढते. इतकी वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही. सदाला सांगितले. तो म्हणाला, आधी टायर बघा. टायर नंतर.

१९ जानेवारी
कार्बुरेटरच्या तोंडावरची जाळी काढून टाकली. हवेला अडथळा नको. लॉरी खरोखर जोरात गेली, मिठागरापासून देवळापर्यंत. तिथे खोकली आणि थांबली. उघडल्यावर आत मिठाची भुकटी आणि एक गांधीलमाशी सापडली. माशीमुळे थांबली असावी.
जाळी परत लावली.

२ फेब्रुवारी
तुकाराम लोहाराकडून जुना भाता आणला. फूटबोर्डवर बसून मी भाता मारायचा, हवा सरळ इंजिनात. सपाटीवर उत्तम. चढावर माझाच दम संपला. सदाने लॉरी थांबवून मला पाणी पाजले. मागचा बैलगाडीवाला म्हणाला, "नाना, येवढा दम हाय तर खाली उतरून ढकला ना."
योजना बरोबर होती. माणूस तरणा हवा. पण सदा लॉरी चालवतो, त्याला भात्यावर बसवता येत नाही.

१० फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. थंड हवा कुठे असते? जमिनीलगत. म्हणून तर उन्हाळ्यात माणूस भुईवर निजतो. हे लाँचवाल्यालाही सुचले नव्हते.
तुकारामाने घासलेटचे दोन डबे कापून पाइप केला. कार्बुरेटरपासून निघून खाली पुढच्या चाकाजवळ उतरतो, तोंड जमिनीपासून वीतभर वर. तोंडाला नरसाळे, आत धुळीसाठी काथ्या. नरसाळे सदाच्या आईचे. तिला तेल ओतायला वाटी पुरते. तुकाराम विचारत होता, एवढे खाली कशाला? तो दिवसभर भट्टीपाशी बसतो. थंड हवेचे त्याला काय सांगणार.

१४ फेब्रुवारी
यश. वीस गोण्या भरून चढ एका दमात. सदाने सकाळी नवे प्लग बसवले होते, पण त्याचा काही संबंध नाही.
वर पोचल्यावर सदा हसला. माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "बाबा, जमलं की तुमचं."
केसरने मुंबईसाठी पेटीवर बांधून ठेवलेले गाठोडे आज दिसले नाही. मी मुद्दाम बघायला गेलो नव्हतो, पाणी प्यायला गेलो होतो. दोनदा.

२६ फेब्रुवारी
शेठ भेटला. ५ मार्चला ट्रायल. दिवस मावळायच्या आत बंदरावर चार ट्रिपा टाकल्या तर सबंध सीझनचे काम आपले. शेठ म्हणाला, "काका, वायदा नको, माल बंदर पर जोइए." म्हणजे बोलणे नको, माल बंदरावर पोचलेला हवा.
ही म्हणते, पोराला एकदा तोंडाने सांगा की राहा म्हणून. सांगायची गरज नाही. लॉरीच सांगेल.

५ मार्च, मंगळवार, संध्याकाळी
सकाळी दोन ट्रिपा झाल्या. तिसरी भरून निघालो तेव्हा दुपारचे बारा. अमावास्येचे उधाण. उघाडीजवळ, बांधातल्या पाण्याच्या दाराशी, खाडी रस्त्यावर आली होती, पाणी गुडघ्याला थोडे कमी. बैलगाड्या ओहोटीची वाट बघत उभ्या होत्या. सदानेही लॉरी थांबवली. म्हणाला, दोन तास थांबू, तरी चार ट्रिपा होतात.
मी म्हणालो, आपली लॉरी दर उधाणाला या पाण्यातून जाते. ते खोटे नव्हते. तेव्हा पाइप नव्हता, हे आठवायला हवे होते. पण पलीकडे शेठचा माणूस घड्याळ बघत होता, माझे लक्ष तिकडे. मी सदाला विचारले, भ्यालास का? त्याने माझ्याकडे बघितले आणि लॉरी पाण्यात घातली.
मध्यावर एकदाच मोठा आवाज झाला. नरसाळ्याने पाणी ओढले होते. आतला दांडा मोडून इंजिनाच्या पोटातून बाहेर आला. ओझे कमी करायला गोण्या पाण्यात टाकाव्या लागल्या. बैलगाडीवाल्यांनीच सहा बैल लावून लॉरी बाहेर काढली. या वेळी कुणी काडेपेटी मागितली नाही. मागितली असती तर बरे झाले असते.
सदा कमरेपर्यंत भिजलेला. म्हणाला, "तुमाला मी नको हाय बाबा. तुमाला लॉरी हवी हाय."
मी पाण्यात नरसाळे शोधत होतो.

९ मार्च
सदा आणि केसर सकाळच्या लाँचने गेले. आळीत सांगितले की सदा मुंबईला इंजिनाचा दांडा आणायला गेला आहे. तुकारामाने विचारले, मग केसर कशाला गेली? म्हणालो, दांडा जड असतो.
बंदरावर पोचवायला ही गेली. मी गेलो नाही. लॉरीपाशी कुणीतरी थांबायला हवे होते.

२० मार्च
काल होळी झाली. इंजिन उघडून ठेवले आहे. आत खारे पाणी गेल्याने सगळे लाल झाले. पाइप उलटा वर न्यायचा, टपाच्याही वर, असा नकाशा काढला आहे. सदा आला की दाखवतो.
आज लाँच दोनदा आली. भोंगा ऐकू येतो इथपर्यंत.

६ एप्रिल
मुंबईहून कार्ड आले. पत्ता माझ्या नावाचा, घरात वाचता येणारा मी एकटाच. मजकूर सगळा आईला. हिला मोठ्याने वाचून दाखवला. गोदीत काम लागले. चाळीत खोली मिळाली. केसरला दिवस गेले आहेत, बाळंतपणाला आईने तिकडेच यावे. गाय व्याली का? तुकारामाचा गुडघा कसा आहे? होळीला पोळ्या केल्यास का?
ही म्हणाली, "आनि?"
मी म्हणालो, आणि बाबांनी तब्येतीला जपावे, असे शेवटी लिहिले आहे. तिने डोळे पुसले आणि चुलीकडे गेली.
कार्डावर तसे काही नाही. लिहायचे त्याच्या मनात असणार, जागा पुरली नसेल. खाली चार बोटे कोरी आहेत.