रुद्र आहे ना तिथे

३ नोव्हेंबर, रविवार

चकल्या बिघडल्या. तुकडे तुकडे! हरीशसमोर भाजणीला नावं ठेवली, पण भाजणी पुण्याची होती, मोहन माझंच जास्त झालं. पोरांनी तरी डबा रिकामा केला.

आमचा लेक रुद्र कार्ल्सरूहेहून दोन दिवस आलाय, येताना गौरांगला घेऊन आला. माझ्या उल्काचा मुलगा! पहिलीपासूनची मैत्रीण, आणि तिचा मुलगा मास्टर्सला इथे जर्मनीत येऊन तीन आठवडे कुणाच्या तरी जमिनीवर झोपत होता. खोल्या कुठे मिळतात! शेवटी मीच रुद्रच्या मागे लागले, त्याच्या व्हर्बिंडुंगच्या, म्हणजे विद्यार्थी संघटनेच्या, घरात एक खोली होती ती मिळवून दिली. उल्का बिचकत होती. "ही संघटना-बिंघटना काय प्रकार आहे गं?" म्हटलं, हॉस्टेलच समज. माजी विद्यार्थ्यांनी चालवलेलं जुनं घर आहे. पहिलं वर्षभर नवीन मुलाला 'फुक्स' म्हणतात, म्हणजे कोल्हा. जुन्यांना बिअर आणून द्यायची, भांडी घासायची, गाणी पाठ करायची. रुद्रने गेल्या वर्षी केलंच की! आणि आता रुद्र आहे ना तिथे.

जेवताना हरीशला म्हटलं, सांग ना ती तुझी हॉस्टेलची गोष्ट. शंभरदा ऐकलीय, तरी. सीनियर समोर आला की ज्युनियरने स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघायचं, नजर वर नाही, चालतानासुद्धा नाही. आणि हा तसाच चालत चालत रेक्टरबाईंच्या वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांवरून गेला! हरीश हनुवटी छातीला टेकवून चालून दाखवतो तेव्हा मला हसू आवरत नाही. डोळ्यांतून पाणी आलं. गौरांगही हसला. गुणी मुलगा आहे. रुद्रपेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण किती नम्र.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी मीटिंगमध्ये रुद्रचा फोन. गौरांग तळघराच्या जिन्यावरून पडला. हातात बिअरचा क्रेट होता. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, हनुवटीला सहा टाके.

उल्काला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळच्या गाडीने कार्ल्सरूहे. हॉस्पिटलात गौरांग म्हणतो, "घसरलो काकू. माझीच चूक." एवढा हुशार मुलगा, खोटं बोलता येत नाही त्याला. सारखा रुद्रकडे बघत होता. रुद्र खिडकीबाहेर.

रुद्रला कॉरिडॉरमध्ये गाठला. माझं मराठी, त्याचं जर्मन, नेहमीसारखंच. हळूहळू बाहेर आलं. नवीन मुलांवर एक प्रमुख असतो, फुक्समायोर, लुकास नावाचा. तो फुक्सना मान खाली घालून चालायला लावतो. जिन्यावरही! हातात क्रेट असताना! "दास वार लुकास, ममा." लुकासनेच केलं. तू कुठे होतास? म्हणे लेक्चरला.

माझ्या मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. जवळ घेतलं. एवढा उंच झालाय, मान माझ्या खांद्यावर ठेवायला वाकावं लागलं त्याला. म्हटलं, तू घाबरू नकोस, मी बघते.

१७ नोव्हेंबर, रविवार

उल्का ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवला होता मुक्ता." आणि फोन ठेवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने फोन आधी ठेवला.

फसवलं त्या लोकांनी मला! ऑगस्टमध्ये उन्हाळी जलसा होता तेव्हा हाच लुकास दारात उभा, छातीवर ती सभासदांची रंगीत फीत, "फ्राउ परचुरे, काही हवंय का?" माझी पर्ससुद्धा त्यानेच धरली होती. मी घरी येऊन हरीशला सांगितलं होतं, बघ, संस्कार म्हणतात ते हे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पत्र लिहिलं. घराची सूत्रं ज्या वडीलधाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या हातात आहेत, त्या सगळ्यांना. जर्मनमध्ये, दोन पानं, ऑफिसात लिहिते तसं कडक. मागणी एकच: हे फुक्सचं वर्षच बंद करा. येणारा पहिल्या दिवसापासून पूर्ण सभासद. माणसाने माणसाची परीक्षा घ्यायची असेल तर अभ्यासाची घ्या! आणि लुकासचं नाव घातलं. स्पष्ट.

हरीश वाचून म्हणाला, "अगं, थोडंफार सगळीकडेच असतं. आम्हीही काढलंच की." असं डोकं फिरलं माझं! म्हटलं, तुझी तुलना नको करूस. तुमचं ते गमतीत होतं.

पाठवलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

लुकासची मेल. "फ्राउ परचुरे, त्या दुपारी मी घरात नव्हतो. मान खाली घालून चालण्याचा नियम आमच्याकडे कधीच नव्हता. बाकी बऱ्याच गोष्टींबद्दल तुमचं बरोबर आहे. पण हे मी केलेलं नाही."

चोराच्या उलट्या बोंबा! उत्तर दिलं नाही. मेल तशीच पुढे त्या वडीलधाऱ्यांना पाठवली, वर एक ओळ लिहून: यालाही पश्चात्ताप म्हणायचं का?

३० नोव्हेंबर, शनिवार

रुद्र फोनवर म्हणतो, "ममा, लास एस." सोडून दे. चौथ्यांदा म्हणाला. बिचारा घाबरलाय, त्याला त्याच घरात राहायचंय. म्हटलं, वाईटाला वाईट म्हणायला भ्यायचं नसतं, आम्ही तुला हेच शिकवलं ना?  "आल्झो, च्युस," बरं, बाय, म्हणाला आणि ठेवला.

७ डिसेंबर, शनिवार

सभा झाली. फुक्सचं वर्ष बंद! एकशे दहा वर्षांची पद्धत, मतदानाने बंद. लुकासची फीत काढून घेतली. महिनाअखेर त्याने घर सोडायचं.

मी हे केलं. एका बाईने, पुण्याच्या, दोन पानांत!

८ डिसेंबर, रविवार

शिरा केला. उल्काला मेसेज केला. तिने नमस्काराचे दोन हात पाठवले. चालेल. हळूहळू येईल रुळावर.

१४ डिसेंबर, शनिवार

गौरांग आला होता, एकटाच. प्लास्टर निघालंय, पण पेन अजून नीट धरवत नाही. क्रांकनकासेचा, आरोग्य विम्याचा, फॉर्म आलाय, अपघात कसा झाला, कुणामुळे, कुठे, सगळं लिहून मागतात. म्हणाला, "काकू, तुम्ही लिहाल का? मी सांगतो." मी चहा ठेवला, चष्मा घातला. म्हटलं सांग, जसं झालं तसं. आता कुणाला भ्यायचं कारण नाही.

म्हणाला, क्रेट घेऊन जिना उतरत होतो. खाली सीनियर उभा होता. त्यामुळे पायरी बघता येत नव्हती.

का नाही बघता येत?

"तिसऱ्या बटणाकडे बघायचं होतं ना."

मी लिहिलंसुद्धा. 'तिसरं बटण', जर्मनमध्ये, व्यवस्थित. मग हात थांबला.

चहा उतू गेला. तो उठून गॅस बंद करून आला, डाव्या हाताने ओटा पुसला. मी विचारलं, लुकासला हे कुठून माहीत? तो कपड्याची घडी घालत राहिला.

"काकू, लुकास नव्हताच तिथे."

दिवाळीहून परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू झालं म्हणे. आधी फक्त स्वयंपाकघरात. बाकीच्या दोन जर्मन फुक्सना कळेचना काय करायचं, म्हणून रुद्रने गौरांगला पुढे उभा केला. रुद्र त्याला म्हणाला होता, "तुला तर माहीतच आहे कसं करतात ते. तू पण हसलास की." सगळे हसले. गौरांगही हसला. दोन वर्षांनी मोठा मुलगा, माझ्या मुलापुढे मान खाली घालून उभा! आणि त्या दुपारी जिन्याखाली उभा होता तोही रुद्रच.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस रे? एवढी धडपड केली मी.

"तुम्ही खोली मिळवून दिली होतीत काकू." आणि मग, "आईला नका सांगू. तुमची मैत्री आहे."

फॉर्म अर्धा राहिला. तो गेल्यावर मी सोफ्यावर बसून राहिले. ज्या मुलाला कॉरिडॉरमध्ये जवळ घेतलं, तो दुसऱ्याचं नाव सांगून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभा होता. माझ्याच हातून त्याने लुकासला घराबाहेर काढलं. खरं बोलणाऱ्या मुलाची मेल मी टिंगल करून पुढे पाठवली! इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. पोटच्या पोराला काय म्हणू?

हरीशला सांगितलं. तो पांघरुणात तोंड खुपसून पडलाय.

१५ डिसेंबर, रविवार

लुकासची माफी मागणारं पत्र लिहिलं. त्या वडीलधाऱ्यांनाही लिहिलं, खऱ्या नावासकट. उल्काला फोन करायचाय.

आधी रुद्रला लावला. मी बोलत सुटले. कुठून शिकलास हे, कुणी शिकवलं तुला, आम्ही असे आहोत का!  मग तो बोलला. जर्मन नाही, मराठी. शाळेत गेल्यापासून एवढं सरळ वाक्य माझ्याशी मराठीत बोलला नव्हता.

"आई, त्या गोष्टीला सगळ्यात जास्त तूच हसायचीस."